इंग्रजीतले स्पर्शाचे शब्द : लक्ष्यार्थ कसा ओळखावा, कसा वापरावा

‘शार्प टंग’ वाचून मराठी माणूस अडखळत नाही. जिभेला धार असते आणि बोलणे लागते, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. त्याच ‘शार्प’पुढे ‘प्रॅक्टिस’ आले की मात्र गाडी अडते. ‘शार्प प्रॅक्टिस’ म्हणजे कसून केलेला सराव नव्हे. नियमांच्या फटीतून केलेल्या लबाडीच्या व्यवहाराला इंग्रजीत असे म्हणतात. ‘शार्प सूट’ म्हणजे झकास बेतलेला सूट, ‘शार्प टर्न’ म्हणजे एकदम आलेले वळण आणि ‘नाइन शार्प’ म्हणजे बरोबर नऊ.

शाळेच्या व्याकरणात अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकवतात. इथे काम आहे लक्षणेशी. हाताला कळणारा अर्थ वाच्यार्थ, मनाला, वागण्याला, आवाजाला किंवा हिशेबाला लागू होणारा अर्थ लक्ष्यार्थ. नवशिक्यांची पहिली चूक म्हणजे एका शब्दाचे पाच-सहा लक्ष्यार्थ यादी करून पाठ करणे. यादी आठवते, पण वाक्यात कोणता अर्थ घ्यायचा ते कळत नाही, कारण तो निम्मा शब्दात आणि निम्मा शेजारच्या नामात असतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या शब्द नामासकट घेऊन करायच्या आहेत.

आधी दहा शब्द

हार्ड, सॉफ्ट, रफ, स्मूद, शार्प, ब्लंट, वॉर्म, कोल्ड, हेवी, ड्राय. सुरुवातीला एवढेच. ‘ब्लंट’ सोडला तर बाकीचे नऊ जुन्या इंग्रजीतले, म्हणजे साधारण ११०० सालाच्या आधीपासून वापरात असलेले. इतका काळ तोंडात घोळलेल्या शब्दाला अर्थांच्या फांद्या फुटतातच. ‘वेल्वेटी’, ‘क्लॅमी’, ‘ग्रेनी’ असले ठेवणीतले शब्द नंतर घ्यावेत. त्यांचे लक्ष्यार्थ मोजके असतात आणि बोलण्यात क्वचित येतात.

वहीत प्रत्येक शब्दाला समोरासमोरची दोन पाने द्या. डाव्या पानावर तीन रकाने करा: सोबतचे नाम, त्या जोडीचा अर्थ, आणि त्या जोडीतला विरुद्धार्थी शब्द. उजवे पान मराठीशी ताळा घेण्यासाठी कोरे ठेवा. एका बैठकीत एकच शब्द घ्या. दोन विरुद्ध शब्द एकाच दिवशी केले तर रकाने एकमेकांत मिसळतात.

पायरी १ : हाताला काय होते ते आधी लिहा

हाताने कोणती क्रिया केल्यावर हा गुण कळतो? तळवा फिरवला की रफ किंवा स्मूद. बोट दाबले की हार्ड किंवा सॉफ्ट. कडेवरून बोट नेले की शार्प किंवा ब्लंट. उचलले की हेवी. नुसते टेकले की वॉर्म, कोल्ड, ड्राय. (काटेकोर बोलायचे तर वजन हा स्पर्शच नव्हे. ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या संस्कृत ग्रंथात स्पर्श तीनच सांगितले आहेत, शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत म्हणजे ना गरम ना थंड; गुरुत्व, म्हणजे वजन, हा तिथे वेगळा गुण आहे. इंग्रजी बोलणारा मात्र ही सगळी माहिती हाताचीच मानतो.)

आता त्या क्रियेचा परिणाम एका ओळीत लिहा. हार्ड : दाबले तरी वस्तू हटत नाही. या एका ओळीतून ‘हार्ड क्वेश्चन’ निघतो, कारण तो प्रश्न जोर लावूनही फुटत नाही. ‘हार्ड बॉस’ही त्यातूनच निघतो, कारण विनवण्या केल्या तरी तो बधत नाही. ‘हार्ड फॅक्ट्स’ निघतात, कारण वाद घातला तरी ती वाकत नाहीत. संस्कृतातल्या कठिनचेही असेच झाले. मूळ अर्थ टणक. आज मराठीत कठीण म्हटले की आधी परीक्षेचा पेपर आठवतो आणि नारळाच्या कवटीची आठवण मागून येते.

ही ओळ लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. ती नसली की प्रत्येक नवा अर्थ सुटा वाटतो आणि पाठांतर वाढते.

पायरी २ : नामे गोळा करा आणि त्यांच्या फांद्या पाडा

शब्दकोशातून किंवा बातम्यांतून एका शब्दाची किमान दहा-बारा नामे जमवा. ‘रफ’वर हे काम पूर्ण करून पाहू, कारण यात ‘रफ’इतका शिकवणारा दुसरा शब्द नाही.

रफ रोड, रफ सी, रफ डे, रफ व्हॉइस, रफ नेबरहुड, रफ ट्रीटमेंट, रफ एस्टिमेट, रफ ड्राफ्ट, रफ स्केच, रफ डायमंड. ब्रिटनमध्ये आणखी दोन: रस्त्यावर उघड्यावर झोपणारा बेघर म्हणजे ‘रफ स्लीपर’, आणि ‘आय फील रफ’ म्हणजे अंगात बरे नाही.

वरवर पाहता हे बारा अर्थ आहेत. प्रत्यक्षात फांद्या दोनच. पहिली : खडबडीत पृष्ठभाग हाताला ओरखडतो, म्हणून त्रास. खवळलेला समुद्र, वाईट गेलेला दिवस, घोगरा आवाज, गुंडगिरीची वस्ती, धसमुसळी वागणूक, ब्रिटनमधले ते बेघरपण आणि आजारपण हे सगळे इथे बसते. दुसरी : पृष्ठभाग खडबडीत आहे कारण त्याच्यावर अजून रंधा फिरलेला नाही, म्हणून अपुरे, कच्चे, अंदाजाचे. एस्टिमेट, ड्राफ्ट, स्केच आणि पैलू न पाडलेला हिरा इथे. आपल्या शाळेतली रफ वही याच दुसऱ्या फांदीवरची. तिच्यात त्रास काही नाही.

नवे नाम भेटले की एवढेच विचारायचे: इथे ओरखडा आहे की रंधा मारायचा राहिला आहे? ‘रफ जस्टिस’ अडतो, कारण तो दोन्ही फांद्यांवर बसतो. नीट चौकशी न करता उरकलेला आणि म्हणून कुणाला तरी जाचक ठरलेला न्याय, असा त्याचा अर्थ. असे दुहेरी शब्द वहीत वेगळ्या शाईने लिहा. भाषांतरात तेच सगळ्यात जास्त छळतात.

बाकीच्या शब्दांच्याही दोन ते चार फांद्या पडतात. चारपेक्षा जास्त झाल्या तर समजावे की पायरी १ मधली ओळ चुकली आहे.

पायरी ३ : विरुद्धार्थी शब्द लावून पाहा

फांदी बरोबर पडली की नाही हे तपासण्याचे खात्रीचे साधन म्हणजे विरुद्धार्थी शब्द. वाच्यार्थात ‘हार्ड’च्या उलट ‘सॉफ्ट’. पण ‘हार्ड क्वेश्चन’च्या उलट ‘ईझी क्वेश्चन’, ‘हार्ड विंटर’च्या उलट ‘माइल्ड विंटर’, ‘हार्ड वर्कर’च्या उलट ‘लेझी’. ‘हार्ड कॉपी’ आणि ‘हार्ड ड्रिंक’ या जोड्यांत पुन्हा ‘सॉफ्ट’ परत येतो. विरुद्धार्थी बदलला की अर्थाची फांदी बदलली असे धरा.

‘रफ’लाही तेच. ‘रफ एस्टिमेट’च्या उलट ‘स्मूद एस्टिमेट’ म्हणून बघा, हसू येईल. तिथे ‘इक्झॅक्ट’ लागतो. ‘रफ ड्राफ्ट’च्या उलट ‘फायनल’. आपल्याकडे रफ वहीच्या उलट फेअर वही. भारताबाहेरच्या विद्यार्थ्याला ही जोडी समजावून सांगावी लागते.

पाण्याची गोष्ट इथेच उरकून घेऊ. ‘हार्ड वॉटर’ म्हणजे साबणाला फेस न येऊ देणारे पाणी, पुस्तकी मराठीत दुष्फेन. बोलताना आपण त्याला जड पाणी म्हणतो आणि मग भाषांतरात ‘हेवी वॉटर’ लिहून मोकळे होतो. हेवी वॉटर ही अणुभट्टीत लागणारी वेगळीच चीज. रायगड जिल्ह्यात थळला तिचा प्रकल्प आहे. बोअरच्या पाण्याच्या तक्रारअर्जात ती नको.

पायरी ४ : शब्दाचे रूप पाहा

इंग्रजीत विशेषणाला ‘ली’ लागून क्रियाविशेषण झाले की स्पर्श बहुधा गळून पडतो. ‘कोल्ड’ पाण्यालाही चालते आणि माणसालाही. ‘कोल्डली’ मात्र जवळजवळ नेहमी वागण्याबद्दलच असते. ‘रफली’ बहुतेक वेळा ‘अंदाजे’. ‘शार्पली’ किंमत वाढते, ‘वॉर्मली’ स्वागत होते, ‘ब्लंटली’ आणि ‘ड्रायली’ माणूस बोलतो. ‘लाइटली’ हा अपवाद ध्यानात ठेवावा. ‘प्रेस लाइटली’मध्ये बोटाचा स्पर्श शाबूत आहे.

इथला सगळ्यात मोठा खड्डा ‘हार्डली’. ‘ही वर्क्ड हार्ड’ म्हणजे त्याने मेहनत केली, ‘ही हार्डली वर्क्ड’ म्हणजे त्याने जेमतेमच काम केले. शिफारसपत्रात ही चूक झाली तर उमेदवाराचे कल्याणच.

नामांतही असा फरक आहे. ‘हार्डनेस’ धातूचाही असतो, ‘हार्डशिप’ फक्त माणसाच्या वाट्याला येते. ‘वॉर्म्थ’ दोन्हीकडे चालते. ‘एन’ लागून झालेली क्रियापदे, म्हणजे ‘सॉफन’, ‘हार्डन’, ‘शार्पन’, स्पर्श आणि लक्षणा दोन्ही सांभाळतात: पेन्सिल शार्पन करता येते, कौशल्यही. ‘स्मूदन’ हे रूप भारतात सर्रास ऐकू येते, पण ब्रिटिश-अमेरिकन लिखाणात बहुतेक ठिकाणी नुसते ‘स्मूद’च क्रियापद म्हणून येते. मतभेद मिटवायचे असतील तर ‘स्मूद ओव्हर’.

पायरी ५ : दुसऱ्या इंद्रियांकडे गेलेले अर्थ वेगळे काढा

मनापर्यंत पोचण्याआधी स्पर्शाचे शब्द वाटेत चव, रंग आणि आवाजाकडेही जातात. ‘शार्प चीज’, ‘ड्राय वाइन’, ‘वॉर्म कलर’, ‘सॉफ्ट व्हॉइस’. जोसेफ विल्यम्स या अमेरिकन अभ्यासकाने १९७६ मध्ये इंग्रजीतल्या अशा विशेषणांचा इतिहास तपासून एक दिशा दाखवली: स्पर्शाचा शब्द चवीकडे, रंगाकडे, आवाजाकडे जातो, उलट येणारे शब्द फारच थोडे. म्हणून ‘सॉफ्ट साउंड’ सहज वाटतो, ‘लाउड टच’ विचित्र वाटतो. ‘टेस्ट’ या शब्दाचा प्रवासही याच दिशेने झाला. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ हाताने चाचपणे असाही होता. जिभेवर तो पुढे स्थिरावला.

आवाजाच्या बाबतीत मराठी वाचकाला एक फायदा आहे आणि एक धोका. फायदा असा, की आपल्या संगीतात रे, ग, ध, नी हे स्वर कोमल होतात आणि मध्यम तीव्र होतो. स्वराला हाताच्या शब्दांनी मोजणे आपल्या कानावर आधीपासून आहे. पाश्चात्त्य संगीतातला ‘शार्प’ म्हणजे चढवलेला स्वर, त्यामुळे तीव्र मध्यमाशी तो लगेच जुळतो. कोमलच्या जागी मात्र तिकडे ‘फ्लॅट’ आहे, ‘सॉफ्ट’ नाही. संगीतात ‘सॉफ्ट’ म्हणजे हळू आवाजात.

धोका व्यंजनांत आहे. मराठी व्याकरणात क, ख, च, छ कठोर आणि ग, घ, ज, झ मृदू. इंग्रजी शुद्धलेखनात ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’ हेच शब्द वापरतात, पण वाटणी निराळी. ‘गेट’मधला ग ‘हार्ड’ आणि ‘जेम’मधला ज ‘सॉफ्ट’, कारण तिथे एकाच इंग्रजी अक्षराचे दोन उच्चार वेगळे करायचे असतात. आपल्या हिशेबाने ग आणि ज दोन्ही मृदूच. मुलांना इंग्रजी वाचन शिकवणाऱ्या पालकांचा गोंधळ होतो तो इथे. घरी शिकवताना ‘कठोर-मृदू’ असे भाषांतर करूच नका. ‘हार्ड जी’, ‘सॉफ्ट जी’ असेच म्हणा.

पायरी ६ : मराठीशी ताळा

आता उजवे पान काढा आणि प्रत्येक जोडीपुढे तीनपैकी एक खूण करा: जुळते, अर्धे जुळते, फसवते.

जुळणाऱ्यांवर वेळ घालवू नका. ‘हेवी हार्ट’ म्हणजे जड अंतःकरण, ‘थिक-स्किन्ड’ला गेंड्याच्या कातडीचा, ‘कूल हेड’ला थंड डोके. कसोटी आणि ‘टचस्टोन’ यांचे नाते तर पूर्ण आहे: सोने घासून पाहण्याचा तोच काळा दगड आणि दोन्हीकडे तोच लक्ष्यार्थ. काही जोड्यांत रक्ताचे नातेही आहे. संस्कृत गुरु आणि इंग्रजीने लॅटिनमधून घेतलेला ‘ग्रेव्ह’ एकाच मुळातून आले, तसेच लघु आणि वजनाने हलका या अर्थाचा ‘लाइट’.

फसवणाऱ्यांना मात्र जागा द्या. आपला चिकट माणूस पैसा सोडत नाही किंवा पिच्छा सोडत नाही. इंग्रजीत ‘स्टिकी’ परिस्थिती असते, अवघडलेली, आणि ‘स्टिकी फिंगर्स’ असलेला माणूस हातचलाखीने वस्तू उचलतो. आपले भारी म्हणजे उत्तम. ‘द मूव्ही वॉज हेवी’ म्हटले तर ऐकणारा समजेल, चित्रपट पाहून डोके जड झाले. ‘ड्राय ह्यूमर’ ही प्रशंसा आहे, चेहरा न हलवता केलेला विनोद; मराठीत विनोद कोरडा म्हटला की तो फसलेला. हलका शब्द सर्वात निसरडा. हलक्या कानाचा, हलक्या प्रतीचा, हलकट यांतला कमीपणा ‘लाइट’मध्ये जवळजवळ नाही. ‘लाइट रीडिंग’ म्हणजे प्रवासात वाचायचे सोपे पुस्तक, दर्जाहीन नव्हे.

‘स्मूद’ अर्धा जुळतो. कामाबद्दल तो चांगला, माणसाबद्दल संशयाचा. ‘स्मूद टॉकर’ म्हटले की ऐकणारा खिसा चाचपतो. माणसाबद्दल चांगलेच म्हणायचे असेल तर ‘पॉलिश्ड’ वापरा. तेलकट-बुळबुळीत गटातले ‘ऑइली’, ‘स्लायमी’, ‘ग्रीझी’ माणसाला लावले की शिवीच्या आसपास जातात.

तापमानाच्या पायऱ्या एका उभ्या ओळीत मांडा: आयसी, कोल्ड, कूल, लूकवॉर्म, वॉर्म, हॉट. ‘आयसी स्टेअर’, ‘कोल्ड पर्सन’, ‘कूल रिसेप्शन’, ‘लूकवॉर्म रिस्पॉन्स’, ‘वॉर्म वेलकम’, ‘हॉट टेम्पर’. वाद मात्र ‘हीटेड’ असतो. ‘कूल’ स्वागताला लावला तर नाराजी, माणसाला लावला तर बहुधा कौतुक. आणि एक गोष्ट उष्ण प्रदेशातल्या भाषेची: आपल्याकडे जीव थंड होतो, मन निवते, म्हणजे समाधान होते. इंग्रजीत समाधान थंडाव्याच्या बाजूला सहसा जात नाही, तिथे ते उबेकडे जाते. ‘माझे मन थंड झाले’चे शब्दशः इंग्रजी केले तर प्रेम आटले असा अर्थ निघेल.

‘सॉफ्ट कॉर्नर’ही इथेच नोंदवा. भारतीय इंग्रजीत आणि मराठी बोलण्यात तो पक्का रुजला आहे. परदेशी वाचकासाठी लिहिताना ‘सॉफ्ट स्पॉट’ लिहावे.

पायरी ७ : कोश उघडा, पण कोणता ते पाहून

ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश आणि मेरियम-वेबस्टर सर्वात जुना अर्थ आधी देतात. शिकणाऱ्यांसाठीचे कोश साधारणपणे आज जास्त वापरात असलेला अर्थ आधी देतात. पहिल्या क्रमांकाचा अर्थ म्हणजे मूळ अर्थ, हे समीकरण म्हणूनच प्रत्येक कोशाला लागू होत नाही. नामांच्या जोड्यांसाठी शब्दसंगतीचा, म्हणजे कोणता शब्द कोणासोबत येतो ते सांगणारा, कोश किंवा ‘कोका’ हा अमेरिकन इंग्रजीतल्या मजकुरांचा संगणकीय संग्रह पाहा. त्यात १९९०पासूनचे एक अब्जाहून अधिक शब्दांचे लिखाण आहे आणि विशेषण टाकले की पाठोपाठ येणारी नामे संख्येनुसार मिळतात.

इतिहास पाहताना एक गृहीतक सोडून द्यावे: स्पर्श आधी आणि मन नंतर, हे नेहमीच खरे नसते. ‘डल’ हा जुन्या इंग्रजीत मूर्ख या अर्थाच्या शब्दाशी जोडलेला आहे. पात्याला तो नंतर चिकटला. ‘ब्लंट’ही साधारण १२०० च्या सुमारास मंदबुद्धी माणसासाठी आढळतो, सुरीची बोथट धार त्यानंतर, आणि फटकळ बोलणे सोळाव्या शतकात. बोथट बुद्धी म्हणताना आपण जी दिशा गृहीत धरतो, ती इथे उलटी आहे.

काही शब्दांतला स्पर्श आता फक्त कोशातच दिसतो. ‘टॅक्ट’ (व्यवहारातले तारतम्य) म्हणजे लॅटिनमधला स्पर्श. ‘कॅलस’ (निष्ठुर) म्हणजे घट्टे पडलेली कातडी. ‘एक्झास्परेट’मध्ये (वैताग आणणे) खरखरीतपणा आहे, ‘ऑब्ट्यूस’मध्ये (मठ्ठ) ठोकून बोथट केलेली धार, ‘पॉइनंट’मध्ये (मनाला चटका लावणारे) टोचणे. असे शब्द अर्थ लक्षात ठेवायला चांगले, वापरताना मूळ विसरलेले बरे.

मेंदू आणि स्पर्श यांवरचे लेखही याच शोधात समोर येतील. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की ‘रफ डे’सारखी पोताची रूपके ऐकताना पोताचा स्पर्श ओळखणारा मेंदूचा भागही जागा होतो. गरम कॉफीचा कप हातात धरला की समोरचा माणूस प्रेमळ वाटतो, हा २००८ चा प्रयोग मात्र अजूनही खात्रीने सांगितला जातो. २०१९ मध्ये तो मोठ्या संख्येने लोक घेऊन पुन्हा केला तेव्हा परिणाम मिळाला नाही. वर्गात दाखला म्हणून तो देऊ नये.

लिहिताना

ओळखता येणे आणि वापरता येणे यांत अंतर ठेवा. डाव्या पानावरची जोडी तीन वेगवेगळ्या मजकुरांत दिसल्याशिवाय आपल्या लिखाणात आणू नका. स्वतः जोडी बनवू नका. ‘रफ सिच्युएशन’ चालते म्हणून ‘रफ प्रॉब्लेम’ चालत नाही, तिथे ‘टफ’ किंवा ‘हार्ड’ लागतो. एका वाक्यात स्पर्शाचे दोन लक्ष्यार्थ आले तर ते एकमेकांशी भांडतात: ‘हार्ड’ निर्णयाला ‘वॉर्म’ पाठिंबा मिळाला, असे लिहिले की वाचकाच्या हाताला दगडही लागतो आणि उबही, आणि निर्णय बाजूला राहतो.

स्वतःच्या बोलण्याबद्दल ‘टू बी ब्लंट’ म्हणता येते. दुसऱ्याच्या बोलण्याला ‘ब्लंट’ म्हटले तर ती अर्धी तक्रार असते. ‘टची’ हा शब्द समोरच्याला तोंडावर लावू नये. चटकन चिडणारा असा त्याचा अर्थ आहे, हळवा असा नव्हे. मन हेलावले असे म्हणायचे तर ‘टच्ड’, आणि हेलावणाऱ्या प्रसंगाला ‘टचिंग’. ईमेलच्या शेवटी ‘वॉर्म रिगार्ड्स’ ओळखीच्या माणसाला शोभते. बिल चुकल्याची तक्रार करताना नुसते ‘रिगार्ड्स’ लिहा.